राखेखालची फरशी

अमेरिकेहून परत आलेल्या माणसाला ‘काय काय पाहिलेत?’ असे विचारण्याची सोय नसते. विचारण्याआधीच तो सांगू लागतो, आणि न मागता फोटो दाखवू लागतो. मीही त्याला अपवाद नाही. परंतु माझी अडचण अशी, की मी सांगू लागलो म्हणजे ऐकणाऱ्याचा चेहरा हळूहळू पडत जातो. नायगारा? नाही पाहिला. न्यूयॉर्कचा तो पुतळा? तोही नाही. मग इतका खर्च करून पाहिलेत तरी काय? मी सांगतो, ‘एक खड्डा पाहिला.’

वाचकहो, हसू नका. ओरेगन राज्यातील एका ओसाड माळावर, एका म्हाताऱ्या गुरेवाल्याने माझ्यादेखत खणलेला अडीच फुटांचा तो खड्डा होता. मराठीचा प्राध्यापक मी. मातीशी माझा संबंध तिच्यावरच्या कवितांपुरता. पण त्या खड्ड्यात डोकावताना मला आमच्या वडिलांची साठ आंब्याची झाडे आठवली, आणि एकोणीस वर्षांचा असताना मी त्यांना उद्देशून काढलेले एक वाक्य आठवले. ते वाक्य आठवल्यावाचून माझा एकही आंब्याचा मोसम गेलेला नाही. म्हणून आधी तेच सांगतो.

अण्णांचा माळ

आमचे वडील, म्हणजे अण्णा, प्राथमिक शाळेत शिक्षक होते. कऱ्हेच्या खोऱ्यात, मोरगावच्या अलीकडे, त्यांनी १९९३ साली दोन एकर माळ विकत घेतला. त्यात आईच्या पाटल्या गेल्या, हे निराळे सांगायला नको. आपल्यासारख्यांच्या घरातल्या सात-बारावर कोणाच्या तरी पाटल्यांची अदृश्य नोंद असतेच! पुढल्या पावसाळ्यात अण्णांनी तिथे केशर आंब्याची साठ कलमे लावायला घेतली. खड्डे खणणाऱ्या गड्यांची पहार दोन-सव्वादोन फुटांवर अडली. “मास्तर, खाली पांढरा खडक लागला. पुढं पहार चालंना,” ते म्हणाले. कोणी जाणत्याने सांगितले, आंब्याचे मूळ खडकसुद्धा फोडते, काळजी करू नका. अण्णांनी खड्ड्यांत शेणखत घातले, तळ्यातला गाळ घातला, आणि कलमे लावून टाकली.

तीन वर्षे ती झाडे अशी वाढली, की येणारा-जाणारा थांबून पाहत असे. चौथ्या वर्षी पाने पिवळी पडू लागली. उन्हाळ्यात अण्णा भाड्याच्या बैलगाडीतून पाण्याचे पिंप नेत आणि तांब्या-तांब्याने झाडांना घालीत. १९९९ साली एकेक करीत सगळी झाडे वाळली. गावात म्हणू लागले, मास्तरांचे काम शाळेत, शेतीत नव्हे. हे मला फार लागले; आणि लागलेले मी ज्याच्यावर काढायला नको त्याच्यावरच काढले. “पुस्तकं वाचून झाडं जगत नसतात, अण्णा,” मी म्हणालो. “तुम्ही पाणी कमी घातलंत.”

अण्णा काही बोलले नाहीत. त्या दिवसापासून त्यांनी त्या माळाचा विषय घरात काढला नाही. जमीन विकली नाही, कसलीही नाही. तिकडे गवत उगवे आणि धनगरांची मेंढरे ते खाऊन जात.

सरोवर झालेला डोंगर

गेल्या मे महिन्यात आमच्या धाकट्या बहिणीने आग्रह करून मला बोलावून घेतले. ती, तिचे यजमान आणि दहा वर्षांची कन्या पोर्टलंडजवळ राहतात. एका शुक्रवारी आम्ही मोटारीने निघालो. मेहुण्यांच्या कचेरीतील एका सहकाऱ्याचे वडील आत माळावर गुरे राखतात. त्यांच्याकडे मुक्कामाचे आमंत्रण होते. पण त्याआधी वाटेत क्रेटर लेक पाहायचे ठरले.

ओरेगनचा भूगोल पुणेकराला चटकन समजतो. समुद्र पश्चिमेला, त्याला समांतर अशी कास्केड पर्वतांची रांग. ढग येतात ते तिच्या पश्चिम उतारावर रिते होतात. म्हणजे सह्याद्रीच म्हणा ना! महाबळेश्वरचा पाऊस आणि फलटणचे ऊन यांत जेवढे अंतर, तेवढेच इथेही. फरक एवढाच, की आपला सह्याद्री म्हातारा होऊन शांत बसला आहे, आणि कास्केडमधले काही डोंगर अजून जागे आहेत. १९८० साली त्यांतल्याच सेंट हेलेन्स या डोंगराचा माथा उडाला, हे पुष्कळांना आठवत असेल.

क्रेटर लेक म्हणजे असाच एक डोंगर. आता तो डोंगर नाही. त्याच्या जागी सरोवर आहे. सुमारे ७,७०० वर्षांपूर्वी तिथे माझामा नावाचा पर्वत होता. उंची अदमासे १२,००० फूट. त्याचा स्फोट झाला, पोटातला रस बाहेर पडला आणि पोकळ झालेला माथा आतल्या आत ढासळला. त्या खळग्यात पावसाचे आणि वितळलेल्या बर्फाचे पाणी साचून १,९४३ फूट खोलीचे सरोवर झाले. अमेरिकेत याहून खोल सरोवर नाही. मे महिना असून काठावर बर्फाचे ढीग होते, आणि खाली पाणी असे निळे, की ‘निळे’ हा शब्द आपण आजवर उगाच वापरला असे वाटावे. तिथल्या क्लामाथ लोकांत या डोंगराची एक कथा आहे. पाताळातला लाओ आणि वरच्या जगातला स्केल यांची लढाई झाली आणि पर्वत कोसळला. ज्यांनी तो प्रलय पाहिला, त्यांच्या नातवंडा-पतवंडांनी ती आठवण जपून ठेवली असावी, असे अभ्यासक मानतात.

आमची भाची सरोवर पाहून म्हणाली, “मामा, पण तो डोंगर गेला कुठे?”

प्रश्न खरोखरच चांगला होता. तो डोंगर पुष्कळसा राख होऊन उडाला. आज अमेरिकेतील आठ राज्यांत आणि कॅनडाच्या तीन प्रांतांत ती राख सापडते. वाऱ्याने ती मुख्यतः ईशान्येकडे नेली. आम्हालाही दुसऱ्या दिवशी त्याच दिशेला जायचे होते.

दवण्याचा वास

सकाळी आम्ही डोंगर उतरलो. गर्द झाडी विरळ होत गेली. मग उंच पाइन, मग खुरटे ज्युनिपर, आणि शेवटी झाडे संपलीच. क्षितिजापर्यंत नुसती करड्या-हिरव्या रंगाची गुडघाभर, कमरेभर झुडपे. त्यांना सेजब्रश म्हणतात. रात्री एक सर पडून गेली होती. मोटारीतून उतरलो, तो चैत्रातल्या जोतिबाच्या जत्रेची आठवण यावी असा वास नाकात शिरला. मी बहिणीला म्हणालो, “अगं, हा तर दवणा!” तिला वाटले, दादा थकला आहे. परंतु माझे नाक खोटे नव्हते. आपला दवणा आणि तिथले सेजब्रश ही आर्टेमिसिया या एकाच कुळातली भावंडे आहेत.

जवळच फोर्ट रॉक नावाचा एक प्रचंड खडकाचा कडा वर्तुळाकार उभा आहे. जुन्या काळी इथे मोठे तळे होते. त्याच्या पाण्यात ज्वालामुखी फुटून हे कडे तयार झाले. तिथल्या एका गुहेत १९३८ साली ओरेगन विद्यापीठाच्या ल्यूथर क्रेसमन यांनी उत्खनन केले. माझामाच्या राखेचा थर लागला, आणि त्या थराच्या खाली सापडली पायताणे! सेजब्रशच्या सालीचे दोर वळून विणलेली, डझनावारी पायताणे. पुढे कार्बन-पद्धतीने त्यांचे वय ठरले: नऊ हजार वर्षांहून अधिक. डोंगर फुटायच्या आधी या माळावर माणसे वावरत होती, आणि दवण्याच्या या भावाची पायताणे घालून चालत होती.

तीन पेले

आमचे यजमान सत्तरी उलटलेले, उंच, थोडे वाकलेले, बोलायला अगदी कमी. मी शिक्षक आहे म्हटल्यावर त्यांना मी काहीतरी उपयोगाचे शिकवीत असेन असे वाटले असावे. मराठी भाषा म्हटल्यावर त्यांनी सभ्यपणे मान हलवली. दुपारी मी सहज विचारले, “इतकी जमीन आहे, माती मऊ दिसते. मग झाडे का लावीत नाही?”

ते काही न बोलता उठले, फावडे आणि पहार घेऊन बाहेर पडले, आणि घरामागे शंभर पावलांवर एका वाळलेल्या बुंध्याशी थांबले. तिथे त्यांनी खणायला सुरुवात केली.

वरची माती भुरी, पिठासारखी. फावडे लागताच तिचा धुरळा उडाला. त्यांनी ओंजळभर माझ्या हातावर घातली. मी दचकलो, तिला वजनच नव्हते! साधी माती पाण्याच्या सव्वापट-दीडपट भारी भरते. निव्वळ राखेची माती पुष्कळदा पाण्याहूनही हलकी असते. कण बोटांत चोळले तर किंचित टोचतात, कारण ती चुलीतली राख नव्हेच. डोंगराच्या पोटातला रस हवेत उडून एका क्षणात गोठला, त्याची ती बारीक काच आहे. तिच्या कणांत बुडबुड्यांची पोकळी असते, म्हणून ती हलकी. आणि त्याच पोकळीत पाणी धरून ठेवते, म्हणून गवताला गोड.

त्याखाली फूटभर तपकिरी, ओलसर माती आली. गवताची मुळे केसांच्या जटेसारखी तिच्यात उतरलेली. आणखी खाली माती थोडी चिकट झाली. आणि मग वीस-बावीस इंचांवर पहार खण्णकन वाजली.

तो आवाज मी ओळखला. १९९४ साली, चौदा वर्षांचा असताना, अण्णांच्या माळावर तो मी साठ वेळा ऐकला होता.

यजमानांनी हाताने माती बाजूला सारली. खाली फिकट तपकिरी रंगाची फरशी होती. गवंड्याने घातल्यासारखी सलग. आणि तिच्यावर मुळे! सरळ खाली आलेली मुळे तिथे येऊन काटकोनात वळली होती आणि फरशीवर आडवी पसरून त्यांची चटई झाली होती. मेक्सिकोत अशाच राखेच्या घट्ट थराला तेपेताते म्हणतात; तिथल्या नाहुआत्ल भाषेत त्या शब्दाचा मूळ अर्थ दगडाची चटई. भाषेच्या शिक्षकाला याहून चांगली व्याख्या कुठली हवी?

“हार्डपॅन,” यजमान म्हणाले. मग त्यांनी पहारीने एक ढेकूळ फोडून काढले आणि आम्हाला स्वयंपाकघरात नेले. फार पूर्वी मृदा-सर्वेक्षणाचा एक अधिकारी त्यांना एक परीक्षा शिकवून गेला होता. कोरडे ढेकूळ पाण्यात टाकावे. विरघळून चिखल झाला, तर ती नुसती दाबली गेलेली माती. पाण्यात टिकले, तर दुसरे ढेकूळ पातळ केलेल्या हायड्रोक्लोरिक आम्लात टाकावे. फसफसून फुटले, तर त्याला धरून ठेवणारा पदार्थ चुना. तिथेही टिकले, तर तो पदार्थ सिलिका, म्हणजे काचेचाच सत्त्वांश. अशा थराला शास्त्रात ड्युरिपॅन म्हणतात. तो फोडायचा तर तीव्र दाहक क्षार तापवून वापरावा लागतो. ते घरी करायचे काम नव्हे.

भाचीला दोन पावले मागे उभे करून यजमानांनी पेले मांडले. पहिला पाण्याचा, दुसरा आम्लाचा. तिसरा कॉफीचा होता. तो त्यांनी स्वतःसाठी ठेवला! पाण्यातले ढेकूळ तसेच राहिले. आम्लातल्या ढेकळावर थोडे बुडबुडे आले.

“मामा, उकळतंय!” भाची ओरडली.

“थोडा चुना इथेही असतो,” यजमान म्हणाले. “उद्या बघ.” दुसऱ्या दिवशी सकाळीही ते ढेकूळ होते तसेच होते.

पाक आणि चिक्की

ही फरशी होते कशी? दिवाळीचा अंक आहे, तेव्हा स्वयंपाकघरातलाच दाखला देतो. दाणे सुटे असतात. त्यांत गुळाचा पाक मुरला आणि निवला, की त्यांची चिक्की होते. इथे दाणे म्हणजे मातीचे कण आणि पाक म्हणजे सिलिका. ज्वालामुखीची काच इतर खनिजांच्या मानाने पाण्यात लवकर झिजते. हिवाळ्यातला बर्फ वितळला, की पाणी थोडी सिलिका घेऊन खाली उतरते. परंतु या माळावर वर्षाला जेमतेम दहा इंच पाऊस, म्हणजे पुण्याच्या निम्म्याहूनही कमी. पाणी हात-दीड हात उतरते आणि थांबते. उन्हाळ्यात ते सुकते, आणि सिलिका कणाकणांच्या फटीत बसते. असे हजारो वर्षे. माझामाची राख तर वरच्या थरात, कालची म्हणावी अशी. खालची फरशी बहुधा त्याच्या कितीतरी आधीपासून, पूर्वीच्या राखांच्या पाकातून घडत आलेली असते.

कास्केडच्या ओल्या बाजूला हीच राख पावसात भिजून पार बदलते. तिची काळीभोर, लोण्यासारखी माती होते. जपानी भाषेतल्या ‘काळी माती’ या अर्थाच्या शब्दांवरून अशा मातीला अँडोसोल किंवा अँडिसॉल म्हणतात. १९९० च्या सुमारास अमेरिकेच्या वर्गीकरणात तिला स्वतंत्र घर मिळाले. कोरड्या बाजूला मात्र राख काचेच्या रूपातच टिकते. वर्गात मी जे तत्सम आणि तद्भव म्हणून शिकवतो, तेच हे. ओल्या बाजूची माती तद्भव, झिजून-बदलून घरची झालेली; कोरड्या बाजूची तत्सम, आली तशीच राहिलेली.

आणि ही फरशी म्हणजे निव्वळ शाप, असेही नाही. हिवाळ्याचे जे थोडे पाणी मुरते, ते ती गवताच्या मुळांच्या आवाक्यात अडवून ठेवते. यजमानांनी मला माळावर फिरवून दाखवले: जिथे सेजब्रश कमरेपर्यंत उंच, तिथे माती खोल, जिथे त्याची बुटकी जात, तिथे फरशी किंवा चिकणमातीचा घट्ट थर वरच आला आहे असे समजावे. खणायची गरज नाही. झुडपे वाचता आली पाहिजेत.

बुंध्याची गोष्ट

तो वाळलेला बुंधा कशाचा, हे मी रात्री जेवताना विचारले.

अमेरिकन सरकारने १८६२ च्या कायद्याने कसणाऱ्याला १६० एकर जमीन देऊ केली. कोरड्या प्रदेशात ती पुरत नाही म्हणून १९०९ साली ३२० एकर केली. विसाव्या शतकाच्या आरंभी फोर्ट रॉकच्या खोऱ्यात माणसांची रीघ लागली. जाहिराती भुलवीत होत्या, आणि माती तर इतकी मऊ, की नांगर लोण्यातून चालावा. लोकांनी सेजब्रश उपटले, गहू पेरला, घरे बांधली, शाळा काढल्या. पण पाऊस अपुरा, ऐन उन्हाळ्यात रात्री हिमाचा कडाका, पिकांवर सशांच्या झुंडी. आणि झुडपांची मुळे निघाल्यावर हलकी माती वाऱ्यावर उडू लागली. १९२० पर्यंत बहुतेक बिऱ्हाडे निघून गेली होती. त्यांची काही घरे आज फोर्ट रॉकच्या संग्रहालयात मांडून ठेवली आहेत. एका खोलीच्या त्या घरांत लहान मुलांचे पाळणे पाहून आमची बहीण बराच वेळ बोलली नाही.

यजमानांचे आजोबा राहिले ते गुरांच्या जिवावर. त्यांनी आजीसाठी घरामागे सफरचंदाची ओळ लावली होती. खड्डे खणले, फरशी लागली, फरशीत थोडे कोरून झाडे बसवली. “चार वर्षे छान वाढली,” यजमान म्हणाले. “मग पिवळी पडली.”

माझा घास हातातच राहिला. “का?”

“खड्डा म्हणजे बादली झाली होती ना! तळाला भोक नाही. मुळे बादलीभर वाढली आणि थांबली. उन्हाळ्यात बादली आटे, आणि बर्फ वितळला की भरून राही. त्यात मुळे कुजत. आजोबा जितके जास्त पाणी घालीत, तितके ते झाड लवकर मरे.” थोडे थांबून ते म्हणाले, “आजोबा आळशी नव्हते. त्यांना खाली काय आहे ते ठाऊक नव्हते, इतकेच.”

अशी फरशी फोडता येत नाही असे नाही. कॅलिफोर्नियाच्या सॅन वाकीन खोऱ्यात फळबागांसाठी ती सुरुंग लावून फोडली गेली; पुढे मोठमोठी यंत्रे आली. पण तिथे बागेला द्यायला पाणी होते. दहा इंच पावसाच्या माळावर फरशी फोडून घालणार काय? यजमानांची चिंता निराळीच होती. युरोप-आशियातून आलेले चीटग्रास नावाचे एक गवत तिथे पसरते आहे. ते उन्हाळ्याच्या आरंभीच वाळते आणि भडकते. आगीत उंच सेजब्रश मरते ते पुन्हा बुंध्यातून फुटत नाही. त्याच्या जागी आणखी चीटग्रास येते, आणि आग पुन्हा लवकर येते. मधल्या काळात उघडी पडलेली राखेची माती वारा घेऊन जातो. “वरची वीस इंच गेली,” ते म्हणाले, “तर माझ्या नातवाला मी फरशी देऊन जाईन.”

त्या रात्री मला झोप लागली नाही. घड्याळ अजून पुण्याच्या वेळेवर चालते आहे, असे मी बहिणीला सांगितले.

आबांचा दगड

दसऱ्याच्या आधीच्या रविवारी मी अण्णांना म्हणालो, “माळावर जाऊन येऊ या का?” अण्णा आता एक्क्याऐंशी वर्षांचे आहेत. त्यांनी माझ्याकडे पाहिले, काठी घेतली आणि वहाणा पायांत सरकवल्या.

कऱ्हेच्या खोऱ्यालाही ज्वालामुखीची राख परकी नाही. मोरगावजवळ नदीच्या गाळात, आणि तिकडे जुन्नरजवळ कुकडीकाठी बोरीला, राखेचे थर सापडले आहेत. ती सुमात्रा बेटावरच्या टोबा ज्वालामुखीची, तीन हजार किलोमीटरांहून अधिक अंतर वाऱ्यावर उडत आलेली आहे, असे संशोधक सांगतात. पण आमच्या माळावरची फरशी राखेची नव्हे. आपल्या काळ्या पाषाणातला चुना पावसाच्या पाण्याबरोबर खाली उतरतो आणि कोरड्या मुलखात तिथेच बसतो. चिक्की तीच, पाक निराळा.

एका वाळक्या खुंटाशेजारी गड्याने खणले. सव्वादोन फुटांवर पहार वाजली. पांढरट थर लागला. मी महाविद्यालयातल्या रसायनशास्त्राच्या सहकाऱ्यांकडून पातळ आम्लाची बाटली आणली होती. ढेकळाचा एक तुकडा पाण्यात टाकला. तो तसाच राहिला. दुसरा आम्लात टाकला. असा फसफसला की फेस पेल्याच्या काठावर आला, आणि पाहता पाहता त्याचा चिखल झाला. चुनाच.

मग मी अण्णांना बादलीची गोष्ट सांगितली. उन्हाळ्यात आटणारी, पावसाळ्यात तुंबणारी, तळाला भोक नसलेली बादली. अण्णा खड्ड्यात पाहत ऐकत होते. माझे सांगून झाल्यावर ते बराच वेळ तसेच उभे राहिले.

“म्हणजे पाणी कमी पडलं नव्हतं,” ते म्हणाले.

“नव्हतं, अण्णा. चुकीचं बोललो होतो मी.”

अण्णांनी काठीने कडेची थोडी माती खड्ड्यात लोटली. “खड्डा बुजवायला सांग,” ते म्हणाले. “मेंढरू पडेल एखादं.”

परतताना ते गवत पाहत चालले होते. पवना, मारवेल, कुसळी अशी एकेक नावे घेत होते. या मातीवर जे आपण होऊन पंचवीस वर्षे उगवत आले, ते त्यांना पाठ होते. मला ते ठाऊक नव्हते. माळ तसाच ठेवायचा, असे आम्ही दोघांनी बांधावर बसून ठरवले. धनगरांना निरोपही तिथूनच दिला.

रात्री बहिणीचा फोन आला. तिच्या हातातून तो ओढून घेत भाचीने विचारले, “मामा, आबांचा दगड उकळला का?”

मी फोन अण्णांच्या हातात दिला.

“उकळला गं बाळा,” अण्णा म्हणाले. “चांगला उकळला.”